विहिणीचं रोप

मंडळी, ऐका! गोष्टीआधी एक प्रश्न. उत्तर देण्याची घाई नको. मागच्या गावी मी प्रश्न विचारला, तर सगळी सभा एका सुरात म्हणाली, "होय महाराज!" प्रश्न होता — किती वाजले?

तर प्रश्न असा. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला हात किती वेळा लावायचा?

हसू नका! सरळ प्रश्न आहे. पोळी तव्यावर टाकली. किती वेळा उलटाल? सारखी उलटली तर फुगेल का? नाही फुगणार. दह्याला विरजण लावलं आणि दर घटकेला चमचा घालून बघितलं — लागलं का, लागलं का — तर लागेल का? ह्या मावशी मान हलवतायत. मावशी, घरी हेच करता ना? असू द्या.

पोळीचं कळतं. दह्याचं कळतं. माणसाचं कळत नाही! आणि ते का कळत नाही, हे सांगायला आज मी आणलंय एक फूलझाड. झाडाचं नाव — कॅमेलिया.

नाना, तबल्यावर असे दचकू नका. नाव परदेशी आहे, गोष्ट आपलीच आहे.

पाचगणी माहीत आहे ना? लाल माती, धुकं, सिल्व्हर ओकची उंच झाडं. तिथे अप्पा शिंत्रे राहतात. निवृत्त पी.टी. मास्तर! एका निवासी शाळेत त्यांनी जन्मभर पोरांना कवायत शिकवली. निवृत्त झाले, पण शिट्टी गळ्यातच राहिली. बायकोला — माईंना — भाजी आणायला धाडायचं, तरी "सावधान!" माई म्हणायच्या, "अहो, मी सावधानच आहे. तीस वर्षं तुमच्याशी संसार केलाय."

अप्पांना एकच मुलगी, अनघा. ती दिली कोल्हापूरला, तारळेकरांकडे. आणि तिथे होत्या — मंदाकिनीबाई तारळेकर. विहीणबाई!

बघा, 'विहीणबाई' म्हणताच पेटीचा सूर चढला. पेटीवाल्यांनाही विहीण आहे वाटतं.

मंदाकिनीबाई वाईट नव्हत्या हो. प्रेमळ होत्या. पण प्रेम कसं? सुनेला ताप आला, तर एकाच वेळी काढा, लेप, वाफ, अंगारा आणि तीन डॉक्टर. तापाला अंगातून बाहेर पडायला वाट मिळायची नाही!

लग्नानंतर त्या पहिल्यांदा पाचगणीला पाहुणचाराला आल्या. जाताना म्हणाल्या, "अप्पासाहेब, तुम्ही आमचं इतकं केलंत, आता माझ्याकडून तुमच्या अंगणाला काहीतरी." गाडी थांबली रोपवाटिकेपाशी. माईंना घाटात गाडी लागली होती; त्या डोळे मिटून, लिंबू हुंगत गाडीतच बसल्या. हे लिंबू लक्षात ठेवा. लिंबाला काम नाही, पण माई गाडीत होत्या, हे लक्षात ठेवा.

रोपवाटिकेची मालकीण आवडाबाई. तोंडाचा पट्टा सदा चालू! रोप विकायची नाही, मुलगी द्यायची. "कॅमेलिया पाहिजे? जागा कशी आहे? ऊन कुठून येतं? घरात माणसं किती? सगळी झाडाला हात लावणारी आहेत का?"

अप्पा म्हणाले, "अहो, रोप घ्यायचंय. सोयरीक नाही करायची."

"तेच ते," आवडाबाई म्हणाली. "हे पांढरं नका घेऊ. देखणं आहे, पण धुक्यानं डाग पडतात, मग माझ्या नावानं बोटं मोडाल. लाल घ्या. आणि आधीच सांगते, ह्याला वास नाही! नंतर भांडायला यायचं नाही."

"वास नाही?" विहीणबाई दचकल्या. "मग देवाला कसं वाहायचं?"

"देवाला नाक आहे तसे डोळेही आहेत की!"

घ्या! मी जन्मभर कीर्तनं केली, पण असं वाक्य काही सुचलं नाही.

तर लाल ठरलं. समोर दोन रोपं होती. एक कळ्यांनी नुसतं लगडलेलं. दुसऱ्याला कळ्या दोनच, पण पानं अशी तुकतुकीत, की तोंड बघावं. आवडाबाई म्हणाली, "कळ्यांच्या घोसाला भुलू नका. जीव बेताचा आणि बाळं ढीगभर, असं आहे त्याचं. पानं बघून घ्या."

विहीणबाईंनी काय केलं? दोन्ही घेतली! घोसाचं आपल्याला, दोन कळ्यांचं व्याह्यांना. प्रेम आहे हो, पण उजवं-डावं असतंच!

आणि आता, मंडळी, घात झाला. पैसे द्यायची वेळ आली. विहीणबाई म्हणाल्या, "मी देते." अप्पा म्हणाले, "छे छे, मी देतो." "भेट माझी आहे!" "गाव माझं आहे!" ह्यांनी त्यांचा हात धरला, त्यांनी ह्यांचं पाकीट दाबलं. आणि नेमकी त्याच वेळी आवडाबाई सांगत होती, की सकाळचं कडक ऊन नको, सावलीत ठेवा, मुळाशी पालापाचोळा असू द्या, चुन्याचा वारासुद्धा लागू देऊ नका, कळी धरली की जागा बदलू नका, तोंड फिरवू नका, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे —

"मी देते!"

"मी देतो!"

सगळ्यात मुख्य ते ऐकलं कोणी? कोणीच नाही! तुम्हीसुद्धा नाही, मीसुद्धा नाही. आपण सगळे पाकीट बघत होतो.

रोप घरी आलं. माईंना 'कॅमेलिया' म्हणता येईना. त्यांनी नाव ठेवलं 'कमळी'. आणि अप्पांनी हुकूम काढला, "हे साधं रोप नाही. विहीणबाईंचं रोप आहे. ह्याचा मानपान विहिणीसारखा झाला पाहिजे!"

इथेच चुकलं! पण चूक कशी दिसणार? मानपान म्हणजे आपली संस्कृती! विहिणीला मागच्या पडवीत बसवाल का? नाही. मग कमळी बसली समोरच्या अंगणात, भर उन्हात. विहिणीला साधा पाट द्याल का? नाही. मग ओटा बांधला. पाडवा आला, ओट्याला चुना, कुंडीला चुना. आतून-बाहेरून पांढरीफटक! वर गेरूची वेलबुट्टी. माई म्हणाल्या, "आता कशी लक्ष्मी दिसते." कमळी मनात म्हणाली असेल, "लक्ष्मी? अहो, मला जिवंत पुरलं की हो!"

पुढे कोणीतरी अप्पांना सांगितलं, की कॅमेलिया ही चहाची चुलतबहीण. झालं! विहीण आली की चहा नको? रोज सकाळी एक कप. आलं घालून. साखर थोडी जास्त. कमळीनं अंग धरलं नाही, पण मुंग्या मात्र बाळसेदार झाल्या!

आणि दर रविवारी कोल्हापूरहून फोन यायचा, चेहरा दिसणारा. "अप्पासाहेब, रोप दाखवा." लगेच शिट्टी! "सावधान! दाहिने मूड!" आणि अप्पा स्वतः कुंडीला मिठी मारून चांगली बाजू फोनकडे करायचे. टपालवाला आला की फाटकाकडे — "बायें मूड!" शेजारचे देशपांडे गच्चीत आले की — "पीछे मूड!" बिचारीला सूर्य कोणत्या दिशेला उगवतो, तेच कळेना! दोन कळ्या होत्या, त्या टप टप पडल्या. पानं पिवळी झाली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, जाळी धरल्यासारख्या.

नाना, जरा ठेका धरा. इथे पद आहे. माझंच आहे, चाल चुकली तर माझीच चुकली.

*पाणी घाल, परी बुडवू नको।*
*जीव लाव, परी हलवू नको।*
*कळी आपुल्या घरी जागते,*
*दार तिचे खडखडवू नको॥*

पुरे. दुसरं कडवं घरी राहिलं. पुढे ऐका!

दिवाळीत फोन आला. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. अनघाला दिवस गेले होते! इकडे माई रडल्या, अप्पांनी चुकून शिट्टी वाजवली. माई म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी. आम्ही घेऊन येतो."

मग मंदाकिनीबाई म्हणाल्या, "रीत मला माहीत आहे, माई. पण मनात भीती आहे, ती बोलून टाकते. गेल्या महिन्यात रोप दाखवलंत तेव्हा ते पिवळं दिसलं. ज्या घरी एक रोप धड राहत नाही, तिथे माझी सून आणि नातवंड कसं ठेवू? डोहाळेजेवण तुमच्याकडेच करू, माघात. मी येते. रोपाला फूल असेल, तर सून तिथेच राहील. नसेल, तर माझ्याबरोबर परत."

झाली का पंचाईत? सोपी वाटते, नाही? झाडाच्या फांदीवर मुलीचं माहेरपण टांगलं!

त्या दिवशी दुपारी अनघाचा वेगळा फोन आला. हळू आवाजात. "अप्पा, मी न्हाणीघरातून बोलतेय. इथे सगळे फार प्रेमळ आहेत."

"मग रडतेस का?"

"प्रेमळ आहेत म्हणूनच! उठले की 'बस', बसले की 'पड', पडले की 'डाव्या कुशीवर'. खिडकीत उभी राहिले तर वारा, आत बसले तर कोंदट. अप्पा, मला तिकडे यायचंय. मला नुसतं एकटीनं बसायचंय हो, थोडा वेळ. तेवढं रोप जगवा."

अप्पांच्या गळ्यातली शिट्टी प्रथमच जड झाली.

त्यांनी कमळीकडे बघितलं. ती म्हणजे पिवळी काठी! माई म्हणाल्या, "ह्याचं काही खरं नाही. हे आधी दृष्टीआड करा." दोघांनी कुंडी उचलली, मागच्या अंगणात नेली. तिथे धुण्याचा दगड, सिल्व्हर ओकची सावली आणि वर्षानुवर्षं न झाडलेला पालापाचोळा. माईंचा पाय घसरला — कुंडी फुटली! आता चुन्याची खापरं कोण वेचणार? अप्पांनी ती पायानं लोटून दिली, मातीचा गोळा तसाच पाचोळ्यात बसवला आणि लाज वाटली म्हणून वर आणखी दोन पाट्या पाला ओढला. कोणाला दिसायला नको!

आणि विसरले. बरं का, विसरले!

आता पुढची युक्ती. मी सांगतोय म्हणून ऐका, करू नका. अप्पांनी 'अनंता'चं झाड आणलं. पानं तशीच, गडद, चमकदार. लांबून बघणाऱ्याला फसवतील अशी. समोरच्या ओट्यावर ते बसवलं. रविवारी विहीणबाईंनी रोप मागितलं की अप्पा कॅमेरा लांब धरायचे, "धुकं फार आहे हो आज!" पाचगणीत धुकं म्हटलं की कोण काय बोलणार? आणि फुलाचं काय? शाळेच्या स्नेहसंमेलनात एका राजकुमारीच्या मुकुटावर साटीनचं लाल फूल होतं. ते अप्पांनी जपून ठेवलं होतं. का, ते विचारू नका. पी.टी. मास्तर काहीही जपून ठेवतो.

माघ उजाडला. विहीणबाई आल्या, अनघा आली. आणि ज्या घराकडे अनघा एवढे दिवस डोळे लावून बसली होती, तिथे काय झालं? माई म्हणाल्या, "बस गं." अप्पा म्हणाले, "उभी का?" डोहाळेजेवणाला आलेल्या आत्या म्हणाल्या, "डाव्या कुशीवर!" अनघानं एकदा आईकडे बघितलं, एकदा सासूकडे बघितलं. पोरीनं ओळखलं, की कुंडी बदलली, चुना तोच!

दुपारी डोहाळेजेवण. झोपाळा सजला. अनघाला हिरवी साडी, मोगऱ्याचे बाजूबंद, कमरपट्टा, वेणी. बायका गाणी म्हणतायत. विहीणबाई मात्र सरळ ओट्याकडे निघाल्या. अप्पा पुढे धावले, "विहीणबाई, आधी जेवण —"

"आधी फूल."

अंतर ठेवून बघितलं तर फूल अगदी राणीसारखं. लाल! टवटवीत! जरा जास्तच टवटवीत. दोन दिवस धुक्यात असून एक पाकळी ओली नाही. विहीणबाईंचा चेहरा खुलला. पदर सावरून त्या वाकल्या.

आणि अप्पांना माई दिसल्या. कोपऱ्यात उभ्या, हातात अत्तराची कुपी, चेहऱ्यावर कर्तबगारीचं हसू!

हो, मंडळी! माई गाडीत होत्या. आठवलं ना लिंबू? त्या बिचारीला माहीतच नव्हतं. तिला वाटलं, एवढं देखणं फूल, आणि वास नको? रिकामं कसं दिसेल? तिनं गुलाबाचं अत्तर ओतलं. थेंब नव्हे, धार!

विहीणबाईंनी हुंगलं. पहिल्यांदा आली शिंक. मग दुसरी. मग त्या सावकाश सरळ झाल्या.

"अप्पासाहेब, ह्याला वास येतोय."

"येतोय ना!" माई कोपऱ्यातून म्हणाल्या. "किती घमघमतंय बघा!"

"ह्याला वास नसतो, माई."

गाणी थांबली. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती. विहीणबाईंनी दोन बोटांनी फूल धरलं, ओढलं — आणि ते आलं. साटीनचं फूल, आणि त्याच्यामागे टोक बाहेर आलेली सेफ्टी पिन! विहीणबाईंच्या बोटावर रक्ताचा ठिपका उमटला.

पेटी थांबवा. इथे सूर नको.

अप्पांनी जन्मभर मैदानावर छाती पुढे काढायला शिकवलं. त्या क्षणी त्यांची छाती कुठे गेली, ते त्यांनाच कळलं नाही. ते म्हणाले, "विहीणबाई, खोटं माझं आहे. तिनं फक्त अत्तर घातलं. तुमचं रोप आम्ही मारलं. मान देऊन देऊन मारलं. मागे टाकलंय. चला, दाखवतो. मग तुमची सून घेऊन जा. मी अडवणार नाही."

आणि झोपाळ्याकडे वळून बघतात तर काय, झोपाळा रिकामा! कडी कुरकुरतेय, पण पोरगी नाही!

एकच गोंधळ! "अनघा! अगं अनघा!" न्हाणीघरात नाही. माजघरात नाही. बायका मोगऱ्याच्या गळलेल्या कळ्यांच्या मागावर धावल्या. माग गेला मागच्या दारानं, मागच्या अंगणात.

धुण्याच्या दगडावर अनघा बसली होती. पाय सोडून, बाजूबंद काढून ठेवलेले. हातात कच्चा पेरू, तिखट-मीठ लावलेला. उजव्या कुशीवर कललेली! इतक्या महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर कोणी असं सुख बघितलं नव्हतं.

"अगं, इथे काय करतेस?" दोघी आया एकदम ओरडल्या.

"काही नाही," ती म्हणाली. "इकडे कोणी येत नाही, म्हणून बसले. ह्याच्यासारखी."

आणि तिनं बोट दाखवलं. पाचोळ्यातून कमळी वर आली होती. पिवळी पानं खाली गळालेली, वर नवी, गडद, ओल्या काचेसारखी. आणि भिंतीकडच्या फांदीला, जिथे ना फोन पोचला ना शिट्टी पोचली, एक फूल! लाल. एकच. पाकळीवर धुक्याचं पाणी.

विहीणबाई पुढे झाल्या. वाकल्या. हुंगलं. वास नाही! अजिबात नाही! त्यांचे डोळे भरून आले.

"हे कोणी वाढवलं?"

अप्पांना 'मी' म्हणता आलं असतं. सोपं होतं. शेजारी देशपांडेही गच्चीतून बघत होते! पण ते म्हणाले, "कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"कोणीच नाही, विहीणबाई. म्हणूनच."

मग विहीणबाईंनी काय करावं? त्या धुण्याच्या दगडाच्या कडेला, सुनेशेजारी, टेकल्या. नऊवारीसकट! आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडचं, ते घोसाचं... देवघरासमोर ठेवलं होतं. रोज पंचामृत घातलं. पहिल्याच महिन्यात सगळ्या कळ्या गळाल्या. आता काठी राहिलीय. म्हणून तर दर रविवारी तुमचं बघत होते. वाटायचं, एक तरी घर असं असेल, जिथे जगेल."

अनघानं पेरूची फोड सासूपुढे धरली. "आई, खा."

"दात आंबतील गं."

"आंबू देत."

विहीणबाईंनी फोड घेतली. खाल्ली. दात आंबले. मग म्हणाल्या, "शब्द म्हणजे शब्द. फूल आहे, सून राहील. पण अप्पासाहेब, पुढच्या अंगणात ठेवायची नाही! ओट्यावर बसवायची नाही! हिला इथे राहू द्या. ह्या दगडावर. दोन वेळचं जेवण द्या, हाक मारली तर ओ द्या, आणि — मुख्य म्हणजे —"

"मुख्य काय?" अप्पांनी विचारलं. मंडळी, ह्या वेळी ऐकलं त्यांनी! पाकीट खिशातच होतं.

"मुख्य म्हणजे फार बघू नका. मीही रविवारी फोन करणार नाही." जरा थांबून म्हणाल्या, "एखाद्या रविवारी करीन."

माईंचा हात फुलाकडे गेला, वेणीत माळायला. सवय हो! अनघानं नुसतं बघितलं. माईंनी हात मागे घेतला. त्या वेणीत कमळीचं फूल गेलंच नाही. फांदीवरच राहिलं, आणि चांगले पुष्कळ दिवस राहिलं.

आता तुम्ही. हो, तुम्ही! गोष्ट पाचगणीची होती म्हणून पदर झटकून उठू नका. तुमच्या घरात एक कुंडी आहे. सून असेल, मुलगा असेल, म्हातारे वडील असतील — "बाबा, पाणी घेतलं का, बाबा, टोपी घातली का, बाबा, इकडे बघा, फोटो!" तिला रोज किती वेळा फिरवता? ओट्याला चुना लावलाय तो तिच्यासाठी, की देशपांड्यांसाठी? घाला ना पाणी, कोण नको म्हणतंय? पण मुळाशी घाला आणि बाजूला व्हा. नारायणाला सगळं जग उमलवायचं असतं. त्यानं कधी कोणत्या कळीची पाकळी ओढून उघडलेली बघितलीत? मग तुम्ही कोण लागून गेलात?

हे बघा, व्यवस्थापक मंडळी हार घेऊन उठलीच. शाल आहे. नारळ आहे. आटीव दूध आहे. मावशी, तुम्ही पंखा घेऊन निघालात? माझाच मानपान सुरू! बसा. बसा सगळे.

त्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर अप्पांनी मागच्या दारात उभं राहून गळ्यातली शिट्टी काढली. लेक दगडावर डुलक्या घेत होती, शेजारी कमळी. अप्पांना आयुष्यात पाठ असलेल्या हुकमांपैकी एकच हुकूम त्यांनी कधी मनापासून दिला नव्हता. तो त्यांनी तेव्हा अगदी हळू दिला. तोच मी तुम्हाला देतो. टाळ्या नकोत, हात मागे.

मंडळी — विश्राम!